पेट्रोलचा काटा खोटे का सांगतो?

मंडळी, चारोटीच्या नाक्यावर किंवा तलासरीच्या बाजारात एखादा मोटारवाला निघण्यापूर्वी काय करतो ते कधी पाहिलेत? किल्ली फिरवतो, समोरच्या तबकडीकडे पाहतो आणि पेट्रोलच्या काट्यावर बोटाने दोन टिचक्या मारतो. काटा जरा वर सरकला तर त्याचा चेहरा उजळतो, जणू टिचकी मारल्याने टाकीत दोन लिटर वाढले! मीही अशा टिचक्या पुष्कळ मारल्या आहेत. डहाणूला राहायचे आणि कामासाठी तलासरी, उधवा, झाई असे हिंडायचे, म्हणजे जुनी का होईना, मोटार पदरी असावी लागते. जुनी मोटार म्हटली की तिचा काटा कधी ना कधी नाचायला लागणार, हे ठरलेलेच.

हा काटा का नाचतो, त्याचे दुखणे घरच्या घरी कसे ओळखावे, आणि दुखणे बरे झाले असे कधी मानावे, एवढेच या लेखात सांगायचे आहे. यातला शेवटचा भाग मला फार महागात पडून कळला. तो ओघाने येईलच.

पहिली गोष्ट अशी की, टाकीत पेट्रोल किती आहे हे काट्याला मुळी ठाऊकच नसते. पेट्रोल मागे टाकीत, काटा पुढे तबकडीत. मधला निरोप वीज नेते. टाकीत एक पोकळ किंवा हलका फ्लोट पेट्रोलवर तरंगत असतो. पोहायला शिकताना आपण पाठीला सुकट भोपळा बांधत असू, तसाच. फ्लोटला एक तारेचा दांडा जोडलेला. पेट्रोल वरखाली झाले की दांडा वरखाली होतो, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाचे एक बारीक धातूचे बोट एका पट्टीवर सरकते. ही पट्टी विजेला अडथळा करते. बोट पट्टीच्या एका टोकाला असले की अडथळा थोडा, दुसऱ्या टोकाला गेले की पुष्कळ. अडथळा बदलला की तारेतून वाहणारी वीज बदलते, आणि त्या विजेच्या जोरावर पुढचा काटा हलतो.

हे यंत्र तुम्हाला नवे वाटत असेल, पण त्याचा सख्खा भाऊ तुमच्या घरात असण्याचा संभव आहे. जुन्या रेडिओचा आवाज लहानमोठा करण्याचे गोल बटण असते ना, त्याच्या आतही अशीच पट्टी आणि असेच सरकते बोट असते. रेडिओ जुना झाला की बटण फिरवताना खर्रर्र असा आवाज येतो, मध्येच आवाज गडप होतो, मध्येच कानठळ्या बसतात. पट्टीवर धूळ बसलेली असते किंवा ती एखाद्या जागी झिजलेली असते. मोटारीच्या टाकीत नेमके हेच घडते. तिथे कानाला खरखर ऐकू येत नाही, ती डोळ्यांना दिसते. काट्याचा नाच म्हणजे डोळ्यांनी पाहायची खरखर, असे समजा.

हा अडथळा ज्या मापाने मोजतात त्याला ओहम म्हणतात. जॉर्ज सायमन ओहम हा जर्मनीतील कोलोन येथे शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवणारा शिक्षक होता, आणि आपला प्रसिद्ध नियम त्याने १८२७ साली पुस्तकरूपाने मांडला. शिक्षकवर्गाने हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. युरोपी घडणीच्या पुष्कळ काट्यांत रिकाम्या टाकीला १० आणि भरलेल्या टाकीला १८० ओहम असा हिशेब असतो. अमेरिकी पद्धतीच्या काही काट्यांत बरोबर उलटे, रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३. म्हणूनच बाजारात 'अगदी तसाच दिसतो' म्हणून दुसऱ्या गाडीचा फ्लोट आणून बसवला, की टाकी भरताच काटा खाली आणि रिकामी होताच वर, असा चमत्कार पाहायला मिळतो. आपल्या गाडीचे आकडे तिच्या दुरुस्तीच्या पुस्तकात पाहून घ्यावेत.

आता दुखण्याकडे वळू. पण प्रत्येक हालचाल हे दुखणे नव्हे बरं का. राणशेतकडच्या चढावर गाडी नाक वर करून चालते तेव्हा टाकीतले पेट्रोल मागे सरकते आणि काटा खोटे बोलतो. उतारावर तो उलट्या बाजूने खोटे बोलतो. मधल्या काळात वळणावर पेट्रोल हिंदकळते. म्हणून काटा मुद्दाम सुस्त केलेला असतो. जुन्या ब्रिटिश घडणीच्या कित्येक गाड्यांत तबकडीमागे दोन निरनिराळ्या धातूंची जोडपट्टी असे. तिच्याभोवतीची तार तापली की पट्टी वाके आणि काटा हले. तापायला वेळ लागतो, त्यामुळे काटा सावकाश चढे. हल्लीच्या गाड्यांत हेच काम संगणक करतो. तो थोड्या वेळाची सरासरी काढून मगच काट्याला हलू देतो. तेव्हा परीक्षा घ्यायची तर गाडी सपाट जागी उभी करा आणि पाच मिनिटे थांबा.

एवढे करूनही काटा थाऱ्यावर नसेल, तर स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी वही-पेन्सिल घ्या. काटा कसा चुकतो, हे आठ दिवस लिहून ठेवा. खड्ड्यात चाक गेले की काटा थरथरतो आणि पुन्हा जागी येतो? मग जोड ढिला असण्याचा संभव अधिक. नेहमी एकाच जागी, समजा अर्ध्यावर, उडी मारतो? पट्टी तिथे झिजली आहे. कारण टाकी बहुतेक वेळ अर्ध्याच्या आसपास असते आणि बोट तिथेच सर्वांत जास्त घासते. टाकी काठोकाठ भरूनही काटा पाऊण्याच्या वर जात नाही? दांडा वाकला आहे किंवा फ्लोटला छिद्र पडून त्यात पेट्रोल शिरले आहे. आणि पेट्रोलच्या काट्याबरोबर पाणी तापल्याचा काटाही वेडेवाकडे करतो आहे? तर मग टाकीच्या वाटेला जाऊच नका. दोघांना वीज पुरवणारी जागा, फ्यूज किंवा तबकडीमागचे जोड पाहा. एकाच वेळी दोन शेजारी आजारी पडले तर आधी विहिरीचे पाणी तपासतात, तसे.

आपल्या भागात मात्र संशयित क्रमांक एक ठरलेला आहे, आणि तो म्हणजे गंज. डहाणू, घोलवड, बोर्डीची हवा खारी. चिकूला ती मानवते, तांब्या-पितळेच्या जोडांना मुळीच मानवत नाही. त्यातून चार महिने धो धो पाऊस. मोटारीत विजेला जाण्यासाठी तार असते, पण परत येण्यासाठी पुष्कळदा गाडीचा पत्राच वापरलेला असतो. पत्र्याला जिथे ही परतीची वायर बोल्टाने आवळलेली असते, त्याला मिस्त्री लोक 'अर्थ' म्हणतात. या बोल्टाखाली गंज चढला की परतीची वाट अरुंद होते. कधी वीज जाते, कधी अडते, आणि पुढे बिचारा काटा थरथरत राहतो.

अर्थ तपासणे सोपे आहे. एक लांब वायर घ्या. टाकीवरच्या जोडात अर्थची जी वायर येते तिला एक टोक लावा आणि दुसरे टोक गाडीच्या स्वच्छ, उघड्या लोखंडाला घट्ट टेकवा. काटा शांत झाला तर चोर सापडला. मग बोल्ट सोडा, पॉलिश कागदाने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, वायरीचे टोक नवे बसवा, आवळा आणि वरून थोडे ग्रीस लावा. खर्च नाममात्र. हा जोड बहुधा मागच्या बाकाखाली झाकणाआड सापडतो. काही गाड्यांत टाकीच्या बाजूने खालून हात घालावा लागतो.

अर्थ ठीक असेल तर दुसरी परीक्षा. ही फक्त जुन्या, साध्या गाड्यांसाठी आहे. ज्यांत संगणकामार्फत काटा चालतो त्या गाड्यांवर हा प्रयोग करू नये, तिथे मल्टिमीटरनेच तपासावे. टाकीकडे जाणारी काट्याची वायर जोडातून काढा आणि किल्ली फिरवा. काटा एका टोकाला जाईल. आता ती वायर क्षणभर, एक-दोन सेकंद, पत्र्याला टेकवा. काटा दुसऱ्या टोकाकडे निघाला तर काटाही धड आणि वायरही धड. दोष टाकीतल्या फ्लोटच्या यंत्रात. काटा हललाच नाही तर दोष पुढे. टाकी न उघडता अर्धे निदान झाले! पुष्कळ लोक इथेच फसतात. आधी टाकी खोलतात, नवे यंत्र आणतात, आणि शेवटी कळते की दोष तबकडीमागच्या ढिल्या जोडात होता.

टाकी खोलायची वेळ आलीच, तर थोडे थांबा आणि हा परिच्छेद दोनदा वाचा. पेट्रोलपेक्षा पेट्रोलची वाफ भयंकर. ती हवेपेक्षा जड असते. वर उडून न जाता जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साठते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. म्हणून हे काम बंद पडवीत किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर करू नये, मोकळ्या अंगणात करावे. बॅटरीचे ऋण टोक आधी सोडावे. जवळपास बिडी, चूल, उघडा दिवा काही नको. वर सांगितलेली वायर टेकवण्याची परीक्षा टाकी बंद असतानाच करायची. उघड्या टाकीशेजारी कधीही नाही. हल्लीच्या गाड्यांत फ्लोट आणि पेट्रोलचा पंप एकाच डब्यात असतात आणि नळीत पेट्रोल दाबाखाली असते. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले की दाब उतरतो. मगच नळी सोडावी. याची सवय नसेल तर इथून पुढचे काम मिस्त्रीच्या हाती द्या. स्वतः शेजारी उभे राहून पाहा मात्र.

यंत्र बाहेर आले की मल्टिमीटरची दोन टोके त्याला लावा आणि फ्लोटचा दांडा सावकाश वर न्या. आकडा एकसारखा चढत किंवा उतरत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा अडथळा एकदम अमर्याद झाला, तर बोट आणि पट्टी यांची तिथे गाठ पडत नाही. पट्टी स्वच्छ करायला विजेचे जोड साफ करण्याचा फवारा आणि मऊ फडके पुरे. पॉलिश कागद लावलात तर पट्टीच खरवडून जाईल. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत डुबुक झाले की तो गळका. पितळी फ्लोट डाग देऊन बुजवण्याचा मोह होतो, पण आत पेट्रोल असलेला फ्लोट तापवणे म्हणजे आगीशी खेळ. नवा आणा.

पट्टीवरचे जोड कधी कधी चांदीचे असतात. चांदीचे निरांजन पेटीत ठेवून काळे पडते ते हवेतल्या गंधकाने, हे आपल्या घरातल्या बायकांना रसायनशास्त्र न शिकता ठाऊक आहे. पेट्रोलमध्ये गंधक आले तर चांदीचे हे जोडही तसेच काळे पडतात. २००४ साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या बाजूला गंधक राहिलेले पेट्रोल विकले गेले आणि कितीतरी गाड्यांचे काटे एकाच सुमारास बिघडले. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून पेट्रोलमधील गंधकाचे प्रमाण दहा लाखांत दहा भागांवर आणले गेले, म्हणजे ते भय पुष्कळ कमी झाले.

आता माझी गोष्ट. एका जुलैत माझ्या गाडीचा काटा फार नाचू लागला. एका ठिकाणी दाखवले, तर पंपासकट सगळे यंत्र बदलावे लागेल असे सांगण्यात आले आणि आकडा ऐकून मी उठलोच. घरी येऊन वर सांगितल्याप्रमाणे अर्थ तपासला. बोल्ट गंजलेला होता. घासला, आवळला, काटा असा स्थिर झाला, की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. चार पैशांत काम झाले याचा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, ऑगस्टमधल्या एका रात्री, उधव्याच्या बाजूच्या एका पाड्यावर माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांना साप चावला. मी त्या दिवशी तिकडेच होतो. त्यांना गाडीत घातले आणि तलासरीकडे निघालो. काटा पाव टाकी दाखवत होता. अगदी स्थिर. अर्ध्या वाटेत इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी थांबली. मी किल्ली फिरवतो आहे, काटा पाव टाकी दाखवतो आहे, पाऊस कोसळतो आहे, आणि मागच्या बाकावर तो मुलगा वडिलांचा पाय हलू नये म्हणून धरून बसला आहे. "सर, पेट्रोल आहे ना?" त्याने विचारले. "आहे रे, हे बघ," असे मी काट्याकडे बोट दाखवून सांगितले. उंबरगावच्या कारखान्यांतून कामगारांना घेऊन परतणारी एक गाडी समोरून आली. तिच्या ड्रायव्हरने उतारूंना तिथेच उतरवून गाडी मागे वळवली. पाऊण तास गेला होता. लस मिळाली, माणूस वाचला. पण तो पाऊण तास माझ्या हिशेबी लागला आहे.

दुसऱ्या दिवशी डहाणूच्या एका वृद्ध मिस्त्रींनी यंत्र बाहेर काढले. दांड्याच्या बिजागरीवर चिकट, तपकिरी राळ बसली होती. मे महिन्याच्या सुट्टीत गाडी दीड महिना उभी होती. पेट्रोल शिळे झाले की त्याचा असा चिकटा बसतो. "पेट्रोल भरलं की ते फ्लोटला खालून ढकलतं, म्हणून काटा वर चढतो," ते म्हणाले. "उतरताना मात्र फ्लोटला ढकलायला कोण आहे? त्याचं आपलं वजन. ते किती! इथे पावावर येऊन अडकून बसला." मी म्हटले, "पण काका, मी दुरुस्त केल्यावर काटा हलायचा थांबला होता." त्यावर ते हसले. "सर, हलायचा थांबला म्हणजे बरा झाला, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

दुखणी दोन होती. एक दिसत होते, त्याने दुसरे झाकले होते. पहिले बरे केले तेव्हा काटा नाचायचा थांबला, आणि मी त्याच्यावर विश्वास टाकला. नाचणाऱ्या काट्यावर मी कधीच विसंबलो नसतो. महिनाभर तर मी अंदाजाने चार लिटर जास्तच भरत होतो.

माझ्यासारखे इतरांचेही झाले आहे, आणि फार मोठ्या प्रमाणावर. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडातले एक बोइंग ७६७ जातीचे विमान सुमारे बारा हजार मीटर उंचीवर असताना इंधन संपून दोन्ही इंजिने बंद पडली. विमानाचे इंधनाचे काटे आधीच बंद होते. पुढे तपासात एक कच्चा झाळलेला जोड आढळला. काटे बंद म्हणून टाक्यांत मोजपट्टी घालून इंधन मोजले होते. इथपर्यंत शहाणपणाचेच झाले. पण लिटरांचे वजन करताना किलोग्रॅमऐवजी पौंडांचा गुणक घेतला गेला. हवे होते २२,३०० किलो, भरले गेले साधारण तेवढे पौंड, म्हणजे निम्म्याहूनही कमी. वैमानिकांनी इंजिनाविना तरंगत विमान गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले आणि विमानातील सर्व ६९ जण वाचले. विमानात काय, मोटारीत काय, मोजले एवढ्याने भागत नाही. मोजलेले दुसऱ्या एखाद्या मापाशी ताडून पाहावे लागते.

मोटारीच्या बाबतीत हे ताडून पाहणे एका सकाळचे काम आहे. टाकी जवळजवळ रिकामी असताना पंपावर जा. पाच लिटर घ्या, गाडी बाजूला सपाट जागी लावा, पाच मिनिटांनी काटा पाहा आणि कागदावर खूण करा. पुन्हा पाच लिटर, पुन्हा खूण. अशी टाकी भरेपर्यंत. पंपवाला वैतागेल, त्याला चहा पाजा. मात्र हे झाले चढतीचे माप. माझा काटा अडकला तो उतरताना. म्हणून टाकी भरल्यावर किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दर पन्नास किलोमीटरला काटा कुठे आहे ते टिपा. तो एका जागी अडून बसला तर त्या कागदावर लगेच दिसेल. आपल्याकडे आणखी एक खोड आहे. पलीकडे गुजरातेत पेट्रोल स्वस्त मिळते म्हणून अच्छाडचा नाका ओलांडेपर्यंत टाकी तळाला नेतात. हल्लीच्या गाड्यांत टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. नेहमी तळाला चालवला तर तो लवकर जळतो, आणि वाचवलेले पैसे एका फटक्यात जातात.

शिक्षक मंडळींसाठी एक प्रयोग सुचवतो. गडद काळी पेन्सिल उभी चिरून तिचे शिसे उघडे करा. दोन सेल, विजेरीचा जुन्या पद्धतीचा छोटा दिवा (एलईडी नको) आणि तीन वायरी घ्या. एक वायर शिशाच्या एका टोकाला पक्की बांधा; दुसरी वायर शिशावर सरकती ठेवून, दुसऱ्या बाजूला झाकण घट्ट लावलेली रिकामी बाटली तरंगवलेल्या काठीला ती बांधा. बादलीत पाणी ओतले की बाटली वर येईल, वायर सरकेल आणि दिव्याचा प्रकाश बदलेल. मग मुलांच्या नकळत शिशावर एका जागी थोडे मेण लावा आणि वर्गाला बादली न दाखवता, नुसता दिवा दाखवून विचारा: पाणी किती आहे?